दांडी

रात्री पावणेतीनला कपाटातली दांडी तुटली.
बंदरात काही आदळलं असं वाटून
ब्रोन्युस खिडकीशी गेला,
मी कपाटाशी.
दारं आतून ढकलून उघडलेली,
आणि चाळीस वर्षांचे कपडे
एकमेकांच्या अंगावर आडवेतिडवे,
लग्नघरी दमून झोपलेल्या पाहुण्यांसारखे.

“सकाळी बघू,” तो म्हणाला.
सकाळी बघू म्हणता म्हणताच तर
इतकं साठलं होतं.

सकाळी क्लाइपेडावर बर्फ पडत नव्हता,
पडायच्या बेतात होता.
मी जागा ठरवल्या:
ठेवायचे ते खिडकीखाली,
द्यायचे ते दाराशी,
आणि विचार करायचे ते खुर्चीवर,
कारण विचार थोडाच असेल असं वाटलं.

त्याच्या तीन विजारी,
तिन्ही ‘जरा बारीक झालो की’ या मापाच्या.
गिन्टारसचा शाळा संपल्याच्या दिवशीचा सूट.
तो आता बर्गेनला मासळीच्या कारखान्यात आहे,
दाढी राखून आहे, फोनवर घाईत आहे.
सुटाच्या खिशात कंगवा.
माझे कॅनिंगमधले दोन निळे झगे,
शंभरदा धुतलेले, वास कसला उरतोय,
तरी नाकाशी नेले,
आणि उरला होता.

मग सासऱ्यांचा कोट.
कापड मिळत नसे त्या वर्षांत
शिंप्याने अख्खा उसवून पलटवलेला,
आतली न विटलेली बाजू बाहेर काढून,
म्हणून छातीवरचा खिसा उजवीकडे.
ब्रोन्युसने अंगात चढवून पाहिला.
चष्म्यासाठी हात डावीकडे गेला,
रिकामा परतला.
“त्यांचाही असाच जायचा,” तो म्हणाला,
“शेवटपर्यंत. नाहीच पडलं अंगवळणी.”
काढून कुठे ठेवावा त्याला कळेना.
मी खुर्ची दाखवली.

दाराशी ठेवलेलं मात्र
दाराबाहेर काही जाईना.
मी चहा टाकायला वळले की
तो ढीग वीतभर खाली बसे.
बोलणार होते.
पण माझा पिवळा फ्रॉकही
परत खिडकीखाली आलेला दिसला,
आणि त्याला ब्रोन्युसने हात लावला नव्हता.

राहिली दांडी.
दुकानातल्या पोकळ नळ्या वाकतात म्हणाला,
दुकानात न जाताच.
बाल्कनीत गेला, बराच वेळ आला नाही.
आला तो वल्हं घेऊन.

होडी त्याने परवाच्या शरदात विकली,
घेणाऱ्या पोराकडे मोटर होती,
वल्हं नको म्हणाला.
जोडीतलं दुसरं आधीच खाडीत गेलेलं.
हे एकटं राहिलं, ॲशच्या लाकडाचं,
आणि बाल्कनी झाडताना मी ते इंचभर सरकवलं तरी
याला आतल्या खोलीत कळायचं.

माप घेतलं टेपने.
पुन्हा टेपने.
मग विती मोजून.
आणि करवत लावली.

मी विचारलं नाही. उशांचे अभ्रे
दोनदा घातले घडीत, दोनदा मोडले.
गालिच्यावर पडलेला भुसा
आत अजून पांढरा होता.

वल्हं जाड, हँगरचे आकडे बसेनात.
पक्कड घेऊन तो एकेक आकडा
उघडत राहिला दिवेलागणीपर्यंत,
माशाच्या तोंडातून गळ काढावा तसा, सावकाश.
एका बाजूला दांडी निमुळती,
सगळे कपडे घसरून त्याच्या अंगाला येतात,
म्हणजे त्याच्या कपाटाच्या अंगाला.
माझ्या बाजूला मोकळी जागा झाली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
तिचं काय करायचं मला सुचलेलं नाही.

घडी बसली असं म्हणवत नाही.
खुर्ची भरली आहे,
बूट काढायला तो माझा खांदा धरून
एका पायावर उभा.
भिंतीशी वल्ह्याचं पातं,
खालच्या टोकाला वाळलेल्या शेवाळाची रेघ.

“हे द्यायच्यात?” मी विचारलं.

दुसराही बूट निघेपर्यंत तो गप्प.
मग म्हणाला,
“खुर्चीवर ठेव.”